पुढे आलेले दात

सांगलीला दातांच्या डॉक्टरांकडे तो बाकावर माझ्या शेजारी बसला होता. कडेगावकडचा, पंचविशीतला. घरच्या उसाचे करवे त्यानं बाकावरच्या सगळ्यांना वाटले, स्वतः मात्र एकही तोंडात टाकला नाही. पुढचे दात जिभेनं सारखा ढकलून बघायचा.

"लय पुढं हुतं दात. लग्नाआधी तारा लावून मागं घेतलं," तो म्हणाला. सत्तरच्या दशकात आमच्याकडे तारा म्हणजे नवलच. "आता हालत्यात. डॉक्टर म्हणत्यात, आतनं मुळं झिजली. काहींच्या रक्तातच आसतंय म्हणं. घरात कुणाचं आसं हाय का, इचारत्यात."

"मग विचारा की घरी."

"कुणाला? म्हसवडच्या जत्रंत सापडलेलं पोर मी. ह्या घरानं नाव दिलं, जमीन दिली, काय कमी न्हाई. तरी दरसाल जत्रंला जातो. लोक देवाकडं बघत्यात, मी लोकांच्या तोंडाकडं. पुढं आल्यालं दात दिसलं की थांबतो." मग ओठ मिटून म्हणाला, "आन् माझंच सरळ करून बसलो. आता रक्ताच्या माणसांनी मला वळखायचं कशावरनं?"

मला आत बोलावलं. उठताना मी उगाच हसलो. त्यानं आधी माझे सरळ दात बघितले, मग मान फिरवली.