रतनमावशीच्या पाच खोल्या

काल सकाळी पाहुण्यांना घावणे वाढून रतनमावशी खुर्चीत बसली. परत उठली नाही.

रतनमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आईला दिली कट्ट्याला, आतल्या बाजूच्या गावात. मावशीला दिली किनाऱ्यावर, मालवणपासून थोडं पुढे, मच्छीमारांच्या गावात.

आज तिथे रिसॉर्ट आहेत, स्कूबावाले आहेत, पार्किंगवरून भांडणं आहेत.
मी लहानपणी दर सुट्टीत तिथे असायचे, तेव्हा होड्या होत्या आणि वाळूत सुकत घातलेली मासळी.

मी पाचवीत होते तेव्हा काका, म्हणजे मावशीचे यजमान, होडी घेऊन गेले आणि वादळात सापडले.
मावशी तीन दिवस किनाऱ्यावर बसून होती. सोबत गावातल्या बाया.
तिसऱ्या दिवशी काकांचा देह मिळाला.

नीता, त्यांची एकुलती मुलगी, तेव्हा चार वर्षांची.

वर्षभराने मावशीने काकांची जाळी विकली आणि घराच्या समुद्राकडच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या. आत संडास-बाथरूम. बाहेर पाटी: राहण्याची व जेवणाची सोय.

गाव खवळलं. एकटी बाई परक्या माणसांना घरात ठेवते म्हणजे काय?

सगळ्यात जास्त चिडले ते शेजारचे भिवाकाका. काकांच्या होडीवरचे जुने जोडीदार. देवळात बैठक बसली तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले की ही गाव विकायला निघाली आहे.

मावशी त्या बैठकीला गेली होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"नीताक कोण पोसतला?"

मग ती उठून घरी आली, कारण पाहुण्यांचं जेवण व्हायचं होतं.

दोनाच्या पाच खोल्या झाल्या. नीता हॉटेल मॅनेजमेंट शिकून परत आली. हळूहळू गावात घरोघरी पाट्या लागल्या. भिवाकाकांच्या दारावरसुद्धा.

आता माझं सांगते.

मी पुण्यात राहणारी, वर्षातून एकदा मावशीकडे जाणारी. चार वर्षांपूर्वी इथेच एक लांबलचक पोस्ट टाकली होती. माझं गाव हरवलं वगैरे. बनाना राईड, नूडल्सचे स्टॉल, सेल्फीवाले. लाईक्स धो धो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी रडण्याचे इमोजी टाकले होते.

नीताने ती पोस्ट मावशीला वाचून दाखवली. लगेच फोन.

"तुझा गाव हरवला म्हणान लिवलंस? मी हय आसंय, घर हय आसा, दर्या खंय गेलो नाय. तुझा नेमका काय हरवला ता सांग."

मी नूडल्सच्या स्टॉलबद्दल काहीतरी पुटपुटले.

मग तिने विषय बदलला. दिवाळीच्या तोंडावर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, ऐन सीझन, नीता एकटी पडणार होती.

"ये, चार दिस ऱ्हव. मगे लिवी काय ता."

गेले.

सकाळी उठून घावणे. मग चादरी. मग गीझर बिघडला. मग एका कुटुंबाला मालवणात येऊन जैन जेवण हवं होतं.

तिसऱ्या दिवशी मी मागच्या पडवीत बांगडे साफ करत बसले होते. एक पाहुणे चहाचा कप घेऊन आले. पुण्याचेच. माझ्याकडे बघून म्हणाले, "पूर्वी किती सुंदर होतं हो हे. साधं कोळ्यांचं गाव. आता सगळं कमर्शिअल झालं."

जवळजवळ माझ्याच पोस्टमधलं वाक्य.

मी म्हटलं, "पूर्वी तुमच्या खोलीच्या जागी नुसती वाळू होती. तिथे माझी मावशी तीन दिवस बसली होती. काका समुद्रावरून आले नव्हते म्हणून."

त्यांनी कप खाली ठेवला आणि ते निघून गेले.

मावशी आतल्या खाटेवरून सगळं ऐकत होती. मला वाटलं शाबासकी मिळेल. तिने हाक मारून आत बोलावलं.

"गिऱ्हायकाक असा बोलू नको गो. तो आपल्या दारात इलो आसा. जा, तेका दुसरी चाय दी."

चहा घेऊन गेले. सॉरी म्हटलं. त्यांनी काकांबद्दल विचारलं आणि ते बराच वेळ ऐकत राहिले.

पोस्ट मी त्याच संध्याकाळी काढून टाकली.

पण मावशी येईल त्याला मान डोलवणारी होती असं मात्र समजू नका.
पुढच्याच वर्षी एका रिसॉर्टने रापणीच्या जागेवर टेबल-खुर्च्या मांडल्या. रापण म्हणजे ते मोठं जाळं, अर्धा गाव मिळून किनाऱ्यावर ओढतो ते. मावशी नव्या गुडघ्याने तिथे गेली आणि एकेक खुर्ची उचलून रिसॉर्टच्या दारात नेऊन ठेवायला लागली. मॅनेजर धावत आला. तिने त्याला शांतपणे सांगितलं की सकाळी नऊपर्यंत ही जागा जाळ्याची, त्यानंतर तुमची.

भिवाकाका होडीवरून उतरून आले आणि काही न बोलता दुसऱ्या बाजूने खुर्च्या उचलायला लागले.

आजही तिथे नऊच्या आधी खुर्ची लागत नाही.

काल पाचही खोल्या भरलेल्या होत्या. पुण्याहून निघून फोंडाघाट उतरताना मी नीताला फोन केला. पाहुण्यांचं काय करायचं, कोणाला सांगायचं, हेच माझ्या डोक्यात. ती म्हणाली, मला कोणी काही विचारलंच नाही गो, शेजारचे आले आणि त्यांनी बॅगा उचलल्या.

तासाभरात सगळी माणसं गावातल्या घरांत गेली होती. दोन कुटुंबं भिवाकाकांकडे.

मी पोचले तेव्हा भिवाकाका मावशीच्या पडवीत बसले होते. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी शेजारी बसायला सांगितलं.

"पाटी लावच्या आधी मी हिच्याकडेच येवन विचारलंय, कसा करूचा ता. हिना सगळा सांगल्यान. मागचो एक शब्द काढल्यान नाय."

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. नीतालासुद्धा.

मावशी, तेराव्यानंतर खोल्या उघडायच्या असं नीताने ठरवलंय. मी आठवडाभर थांबतेय तिच्यासोबत.

जा तू आता. आम्हा सगळ्यांचा तुला भरल्या मनाने नमस्कार.