साबुदाण्याचा बबल टी
गूळ वितळायला लागला की त्या वासानं मला तो रविवार आठवतो. बंगळुरूची नोकरी सुटून मुलगी बेळगावला घरी आली होती, आणि आठवडाभर 'व्हय' नि 'न्हाय' यापलीकडं बोलत नव्हती. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत लोखंडाच्या भट्टीपुढं मीही आठवडाभर भाजून निघालो होतो. बंगळुरूला असताना ती बबल टी प्यायची, एवढंच मला ठाऊक. मोबाइलवर बघितलं, तर तो तळाशी काळे मोती घातलेला दुधाचा गार चहा, आणि ते मोती म्हणजे आपला साबुदाणाच की! मग काय, अक्कल पाजळली. खिचडीला भिजवतात तसा साबुदाणा रात्रभर भिजवला आणि सकाळी गुळाच्या पाण्यात रटरट उकळला. मोती राहिले बाजूला, निपाणीतल्या सगळ्या विड्यांना लेबलं चिकटवता येतील एवढी खळ झाली. तरी ती दुधाच्या गार चहात ओतली, आणि जाड स्ट्रॉ नव्हती म्हणून परसातल्या पपईच्या पानाचा पोकळ देठ खोचला. "अहो, माझ्या उपासाचा साबुदाणा होता तो," बायको दमल्या आवाजात म्हणाली. मुलीनं जोर लावून ओढलं, गाल आत गेले, वर काहीच आलं नाही. "आप्पा, हे प्यायचं का भिंतीला लावायचं?" आठवडाभरातलं तिचं पहिलं धड वाक्य. मग ती हसता हसता रडायला लागली, आणि नोकरी कशी गेली ते सांगत दुपारपर्यंत स्वयंपाकघरातच बसून राहिली. आता ती पुन्हा बंगळुरूत आहे. फोनवर नुसतं "बरं आहे" म्हणाली, की कितीही दमलेला असलो तरी मी उठतो आणि डब्यात साबुदाणा आहे का ते बघून ठेवतो.