वाटीभर डिंक

"वाटी म्हणजे कोणती वाटी?"

आमच्या शेजारचे काका हा प्रश्न असा विचारत, की समोरच्यानं त्यांना फसवायचा बेतच केलाय. जवळा बाजारच्या आडतीत त्यांनी मापाडी म्हणून उभा जन्म काढला होता. सोयाबीन असो की हरभरा, काट्यावर चढल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास नसे. असा माणूस भाजी घेताना दिसला तर तुम्हीही हळूच बाजूला झाला असता.

त्यात काकू मोरीत घसरून पडल्या. उजवं मनगट मोडलं आणि स्वयंपाक काकांच्या गळ्यात आला. काकू दारात बसून सांगायच्या, "पीठ दोन वाट्या, मीठ चिमूटभर." काका छोटा काटा पुढं ओढायचे.

"ग्रॅममधी सांग."

"आता गं माय! चिमटीचे कुठं ग्रॅम असतेत?"

मग दोघंही मला हाका मारायची. इकडं माझी भाजी करपायची. मोबाईलवर बघून सांगावं, तर तिथला कप वेगळा, यांची वाटी वेगळी. पुन्हा चिडायचं माझ्यावरच.

पोळ्या बिघडल्या तरी चालत होतं. खरा घोर लाडवांचा होता. लेकीचं पहिलं बाळंतपण, पण आईचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून ती परभणीला सासरीच राहिली. ते काकूंच्या जिवाला लागलं होतं. निदान डिंकाचे लाडू तरी माहेरचे जावेत, एवढंच त्यांचं म्हणणं.

"डिंक वाटीभर," काकूंनी सांगितलं. काकांनी कच्चा डिंक वाटीभर घेतला, वजन केलं, तुपात सोडला. तो फुलत गेला, फुलतच गेला, सगळं तूप पिऊन बसला. लाडू वळेचनात. मूठ उघडली की भुगा.

"फुललेला वाटीभर म्हनलं व्हतं मी!"

"म्हनली न्हाईस."

"कच्चा डिंक वाटीनं कोन घेतं?"

"तेच तर कवाचा इचारून राहिलो! काटा बराबर हाय. तूच अर्धं बोलतीस."

काकू रडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी नवं सामान आलं. काकांनी काटा काकूंच्या पुढ्यात मांडला, वर पातेलं ठेवलं. "तू टाक. डाव्या हातानं टाक. मी निस्तं बघतो."

काकू मूठमूठ टाकत गेल्या, चाखत, कुरकुरत. त्यांनी "बास" म्हटलं की काका आकडा पुटपुटायचे. मी लिहून ठेवा म्हटलं, तर उखडले. "मापाड्याला लिव्हायला सांगता व्हय, ताई?"

लाडू काकांनीच वळले आणि परभणीला पोचवले. लेकीचा फोन आला, "जरा कडक झालेत गं आई, पण तुझ्यासारखेच लागतेत." काकूंनी तेवढं 'कडक' ऐकलं. काकांनी तेवढं पुढचं.

गेल्या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले.

आता लेक दुसऱ्या खेपेला माहेरी यायची आहे. काकूंचं मनगट जुळलंय, पण मूठ पुरती मिटत नाही. तिच्यात किती मावतं, हे त्यांचं त्यांनाच कळेनासं झालंय. परवा खारीक-खोबरं घेऊन बसल्या आणि मला बोलावलं.

"काय गं पोरी, खोबरं किती ग्रॅम मोजलं व्हतं यांनी?"

मला कुठं ठाऊक! सगळे आकडे काकांच्या डोक्यात होते.

"सांगून तरी जायचं ना मानसानं," काकू चिडून म्हणाल्या, आणि खोबरं किसायला घेतलं.