मेव्हण्याला हार्ट सांगितलं

बायको छातीतल्या गाठीनं गेली. लोकांना मी हार्ट सांगितलं. लोकांचं जाऊ द्या, तिच्या सख्ख्या भावालाही तेच सांगितलं.

तिला आधी मुतखडे व्हायचे. एक पडला की दुसरा तयार. मग गळ्यातल्या बारीक ग्रंथींचं ऑपरेशन झालं. तेव्हाच डॉक्टरीणबाईनं आम्हा दोघांना बसवून सांगितलं होतं, की हा आजार रक्तातून येतो, आईबापाकडून लेकरांत. गळ्यातल्या ग्रंथी वाढतात, त्यानं खडे होतात. आणि छातीच्या हाडामागं थायमस म्हणून ग्रंथी असते, एखाद्याच्या त्यात गाठ धरते. दुखत नाय, कळत नाय, म्हणून छातीचा सीटी काढत राहायचा. बिडी ओढणाऱ्या बाप्यांना धोका जास्त.

"भावाला पाठवून द्या," बाई म्हणाली. "त्याचंही रक्त तपासू."

आम्हाला मूलबाळ नाय. भाऊ तेवढा एक. त्यालाही खडे, आणि बिडी तर तोंडातून निघत नाय.

रिक्षात बसल्याबरोबर बायको म्हणाली, "भावाला बोलायचं नाय. त्याच्या पोरीची सोयरीक चाललीय. रक्तात आजार म्हणल्यावर कोण करील तिला?"

मी बरं म्हणलो. मला तेच पाहिजे होतं, सांगायचं काम टळलं. पोरीचं लग्न झालं तर म्हणाली, बाळंतपण होऊ द्या. तेही झालं. मग आम्ही तो विषयच सोडला. तिचा सीटीसुद्धा पहिल्यांदा काढला, पुढं बरी दिसतीय म्हणून राहिला. राहिला म्हणजे मीच नेलं नाय.

तेराव्याला मेव्हणा बजाजनगरहून दुखवटा घेऊन आला. गुलमंडीवरून आणलेली टोपी, टॉवेल, शर्टाचं कापड. भावकीसमोर त्यानं आपल्या हातानं माझ्या डोक्यावर टोपी घातली आणि रडला. रडता रडताच कुशीला हात दाबून खाली बसला.

"काय झालं?"

"काय नाय दाजी, खडाय. तुमच्या सासऱ्याची इस्टेट. माझ्या वाट्याला एवढीच आली."

चार जण हसले. 

पंगत उठल्यावर त्याला मागं मोरीकडं नेलं आणि सांगून टाकलं. हार्ट नव्हतं, गाठ होती. तुला असू शकते, तुझ्या पोरीला पण हा आजार असू शकतो.

त्यानं बिडी काढली, पेटवली नाय.

"लई घाई केली दाजी," तो म्हणाला. "माझी तिरडी उचलल्यावर सांगायचं."

चहा न घेता गेला. वाटलं, आता तोंड बघणार नाय. पण आठवड्यानं त्याचाच फोन आला, दवाखाना कोणता म्हणून.

सीटीच्या खोलीबाहेर बाकावर दोघं बसलो. त्यानं दवाखान्याचा कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, "ताईला ठाऊक होतं?"

खरं अगदी तोंडाशी आलं होतं. पण ह्या माणसाला आता बहीण म्हणून आठवणच तेवढी उरली होती.

"नाय," मी म्हणलो. "डॉक्टरीण मला एकट्याला बोलली होती. मी तिला कळूच दिलं नाय."

"मग तिला तुम्हीच मारली."

आतून त्याचं नाव पुकारलं, तसा तो उठून गेला. मी बसून राहिलो. एवढं खोटं बोललो, पण तो जे म्हणाला ते काय खोटं नव्हतं.