चिंच न लावलेला रुपया

आबामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्यात गच्चीवर सांडगे वाळत घालत होते. मामींचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "तुझे मामा गेले गं... जेवले, मंडळीपाशी बसले, अन् बसल्या जागीच गेले." मंडळी म्हणजे घरातली माणसं नव्हेत. मंडळी म्हणजे मामांची खोटी नाणी.

माझ्या आईचे हे धाकटे भाऊ बदनापूरला राहायचे. सगळी नोकरी बँकेत कॅशियर म्हणून केली. दिवसभर खोटी नोट दिसली की कपाळाला आठ्या, आणि घरी आले की खोट्या नाण्यांवर जीव! निजामाच्या राज्यात कुणी कुणी चोरून पाडलेले रुपये ते जमवायचे. आत तांबं, वर चांदीचा मुलामा, आणि बाजारात खरे म्हणून चाललेले. मंठा, जाफराबादकडच्या बाजारांतून, मोडीच्या भांड्यांतून शोधून आणायचे. रविवारी दुपारी ओसरीवर धोतराचा मऊ तुकडा अंथरून ते उन्हात मांडायचे. "मंडळी ऊन खाऊन राह्यली," म्हणायचे आणि स्वतःही तिथंच डुलक्या घ्यायचे. त्या दुपारी आठवल्या की मला अजूनही गुंगी येते... गार शाहबादी फरशी, लांबून रेल्वेची शिट्टी, आणि मधूनच एखादं नाणं फरशीवर टाकून ऐकलेला तो बद्द आवाज. खणखणीत वाजणाऱ्या रुपयाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

एक रुपया त्यांचा फार लाडका. चारमिनार झकास कोरलेला, पण उर्दू अक्षरं सगळी उलटी, आरशात दिसावीत तशी. "पाडणाऱ्या बिचाऱ्याला अलिफ-बे येत नव्हतं," म्हणून मामा हसत सुटायचे. "पण हिंमत बघ ना! अन् बराबर चालला बी. किती झिजलाय बघ. किती लोकांनी विश्वासानं हातात घेतला असंल..."

देव्हाऱ्यातही एक चारमिनारचा रुपया होता. मामींच्या वडिलांनी लग्नात लेकीच्या ओटीत घातलेला. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात मान त्याचाच. एका दिवाळीत मी तो हातात घेतला आणि मिनाराच्या टोकाशी मला तांबूस ठिपका दिसला. मी मामांकडे नुसतं पाहिलं. त्यांनी माझी मूठच मिटली. "गप बस. तुझ्या मामीच्या बापाची इज्जत हाये ती. तिला कधी कळू द्यायचं न्हाई." दिवाळीत देव घासायला काढले की घरातली चिंच का गायब होते, हे मला तेव्हा उलगडलं. चिंच लागली की खालचं तांबं लख्ख उघडं पडतं. मामी "आत्ता तर हितं ठेवली व्हती" म्हणत डबे धुंडाळायच्या, आणि तेवढ्यात मामा रुपया साध्या पाण्यानं धुऊन मोकळे व्हायचे.

सुतक फिटल्यावर मामी देव घासायला बसल्या. शेजारी वाटीत चिंचेचा कोळ. आता ती लपवणारं कोणी नव्हतं... अन्नपूर्णा झाली, बाळकृष्ण झाला, घंटा झाली. मामांनी आयुष्यभर जपलेलं माझ्यासमोर उघडं पडणार होतं. "द्या मामी, मी घासते," म्हणत मी हात पुढे केला, पण रुपया मामींनी आधीच उचलला होता. वाटी पायानं बाजूला सरकवून त्यांनी त्याच्यावर साधं पाणी ओतलं आणि पदरानं हलकेच टिपला.

"ह्याला चिंच चालत न्हाई," त्या म्हणाल्या. "खालचं तांबं दिसतं."

"मामी... तुम्हाला माहीत होतं?"

"लगीन झाल्यावर दुसऱ्याच दिशी वाजवून पाह्यला व्हता. बद्द वाजला. बापाला बाजारात कोणी तरी फसवलं असंल."

"मग मामांना का नाही सांगितलंत?"

"दरसाल चिंच लपवायचे गं ते. मोरीतल्या बादलीमागं. मला दिसायची ना! माझ्यासाठी इतकं जपून राह्यले व्हते... कोणत्या तोंडानं सांगू?" आणि मामा गेल्यापासून पहिल्यांदाच मामी ढसाढसा रडल्या. मीही रडले.

मग डोळे पुसून म्हणाल्या, "आज रविवार हाये ना? मंडळीला उन्हात मांड. अन् ह्याला बी घिऊन जा. एवढी वर्षं एकटाच बसलाय देवात. दिवा लावायच्या टायमाला परत आण."

मी ओसरीवर धोतराचा तुकडा अंथरला. उलट्या अक्षरांच्या रुपयाशेजारी तो ठेवला. दोघांचेही चारमिनार सारखेच झिजलेले. मामी हळूच येऊन मामांच्या जागेवर बसल्या, आणि थोड्या वेळानं त्यांना तिथंच डुलकी लागली.