सोर्णमक्काचा मूळ पगार

सोर्णमक्काइतकी भित्री बाई तिरुपूरच्या सगळ्या बनियन शिवणाऱ्या कंपन्यांत सापडली नसती. पालीला भ्यायची, लिफ्टला भ्यायची, मशीनचा पट्टा तुटला तरी देवाचं नाव घ्यायची. मी तिच्यावर सारखी चिडायचे. पण डबा उघडला की चिंचभाताचा पहिला घास तिच्याकडून माझ्याच झाकणात पडायचा.

परदेशी गिऱ्हाइकाकडून तपासणी यायची असली, की सुपरवायझर वेलुसामी आधी आमची शिकवणी घ्यायचा.

"मूळ पगार किती?"

"सरकारी दरानं, पूर्ण," आम्ही एका सुरात.

"पीएफ कशावर?"

"पूर्ण पगारावर."

"आणि कुणाची जीभ घसरली तर?"

याचं उत्तर द्यावं लागत नसे. जीभ घसरलेल्या रासातीला पुन्हा कुठल्याच कंपनीनं फाटकातून आत घेतलं नव्हतं.

हातात किमान वेतन पडायचं, हे खरं. पण कागदावर त्याचे दोन तुकडे असायचे. निम्मा मूळ पगार, निम्मे कसलेकसले भत्ते. पीएफ मूळ पगारावरच कापायचा, मालकही तेवढाच घालणार आणि म्हातारपणीची पेन्शनही त्याच हिशेबानं. तपासणीला दाखवायचे कागद वेगळे, त्यात सगळाच मूळ पगार. कापलं कमी जातं म्हणून आम्ही मूर्ख बाया खूशच होतो! अक्काला मात्र पेन्शनची अठ्ठावन्न भरत आली होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही.

त्या दिवशी तपासणीच्या बाईंनी नेमकं अक्कालाच ऑफिसात बोलावलं. दार बंद झालं. ही काहीतरी बरळणार आणि आम्ही सगळ्या रस्त्यावर येणार.

अक्का बाहेर आली. वेलुसामीनं नजरेनं विचारलं, तिनं मान हलवली. "शाब्बास!" तो म्हणाला.

टेबलाशी येऊन तिनं कात्री उचलली आणि तशीच परत ठेवली.

"काय गं अक्का, चुकलीस की काय?"

"नाही गं पोन्नी. सगळं पाठ म्हटलं. तर ती बाई हसून म्हणते, एवढ्या पगारावर इतकी वर्षं पीएफ भरलाय, मग म्हातारपणाची काळजी नाही तुम्हाला. आणि मी हो म्हटलं! माझं मला मिळालं, असं माझ्याच तोंडानं सांगून आले."

"गप्प बस. रासातीला आठव."

"आठवतेय गं, भीती वाटतेच. पण हात चालेनासे झाल्यावर खाऊ काय? त्याची भीती जास्त वाटतेय."

ती उठली. मी पदर धरला, तो तिनं सोडवून घेतला. वेलुसामी आडवा आला. "कुठं निघालीस?" अक्का रडत होती. त्याच्या बाजूनं हात घालून तिनं दार ढकललं.

"बाई, मघाशी मी खोटं बोलले."

मशिनी थांबल्या. दार उघडंच होतं. वेलुसामी तिथंच उभा राहून ऐकत होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आई, तुमचं नाव मी लिहीत नाही, घाबरू नका."

"लिहा," अक्का म्हणाली. "नाव नसेल तर राहिलेले पैसे कुणाच्या खात्यात घालतील?"