मामाची मोटार आणि जोतिबाची चढण

कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं आणि मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, तेव्हा माझ्या मामानं एक घेतली. त्या दिवसापासून त्याचे पाय जमिनीला लागेनात. पहिलं दर्शन जोतिबाचं ठरलं. डोंगराची शेवटची चढण छोटीच, पण भिंतीसारखी उभी. काळा खडक आणि त्यावर निसरडा मुरूम. अर्ध्यात मोटार बंद पडली.

डायवर म्हणाला, "सरकार, उभ्या चढाला टाकीतलं तेल इंजनात उतरत न्हाय. खालनं फिरवून घेतो, उलटी मागं-मागं चढवूया की, मंजी टाकी इंजनाच्या वर ऱ्हाईल."

मामा भडकला. "देवाला पाठ दावू व्हय? उतरा समदी, ढकला!"

आम्ही उतरलो. इंजन खोकायचं, मुरूम आमच्या तोंडावर उडायचा आणि मोटार पुन्हा मागं घसरायची. हा भक्तशिरोमणी मात्र आत गादीवर, शिखराकडं हात जोडून बसलेला. देवाला पाठ दाखवायची नव्हती ना त्याला! ती त्यानं बापाला दाखवली. सत्तरीतले माझे आजोबा, पागोटं धुळीनं माखलेलं, खांदा लावून त्याची मोटार रेटत होते.